ऑस्ट्रेलियात शिकताना नाव कमी झालं तर व्हिसाचं काय होतं? ठाणे-नवी मुंबईतले पालक आणि विद्यार्थी वारंवार विचारतात ते प्रश्न

कोर्स मध्येच सुटला, कॉलेजने नाव कमी केलं किंवा फी थकली, की घरचे पहिला फोन करतात तो ज्याने ॲडमिशन करून दिली त्या एजंटला. बहुतेक वेळा तो फोन चुकीच्या माणसाला गेलेला असतो. का, ते खाली येईलच. नौपाडा, घोडबंदर रोड, वाशी, नेरूळ, खारघर इथल्या घरांमधून येणारे प्रश्न इथे त्यांच्याच शब्दांत घेतले आहेत. सगळा तपशील मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या ५०० क्रमांकाच्या स्टुडंट व्हिसाचा आहे. बाकीच्या देशांबद्दल शेवटाकडे एक उत्तर आहे. तुमच्या मुलाच्या प्रकरणात वकिलाला पर्याय म्हणून हे पान वापरू नका.

मुलाने कॉलेज सोडलंय. व्हिसा आपोआप रद्द झाला का?

नाही. इथे दोन कागद वेगळे आहेत आणि घरोघरी त्यांचीच गल्लत होते. एक सीओई, म्हणजे अमुक कोर्सला अमुक तारखेपर्यंत नाव नोंदलेलं आहे याचा कॉलेजने दिलेला पुरावा. दुसरा व्हिसा, जो ऑस्ट्रेलियन सरकारचं होम अफेअर्स खातं देतं. कॉलेज फक्त सीओई रद्द करू शकतं. व्हिसा रद्द करण्याचा अधिकार त्याला नाही.

पण कॉलेजला गप्पही बसता येत नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठी सन २०००चा जो कायदा आहे, त्यानुसार विद्यार्थी आला नाही, सोडून गेला किंवा त्याला काढलं, तर ही माहिती प्रिझम्स नावाच्या सरकारी प्रणालीत ३१ दिवसांत भरावी लागते. विद्यार्थी १८ वर्षांखालचा असेल तर १४ दिवसांत. तिथून ती होम अफेअर्सला दिसते. खातं मग लगेच हालचाल करेल किंवा काही महिने काहीच करणार नाही. "तीन महिने झाले, कुणी काही विचारलं नाही" म्हणून मुलं निश्चिंत होतात. त्या तीन महिन्यांत अटीचा भंग मात्र रोज वाढत असतो आणि पुढे हिशोब मागतात तो याच कालावधीचा.

कुणाचा तरी मावसभाऊ सांगतो की २८ दिवसांत खात्याच्या ऑफिसात हजर झालं नाही तर व्हिसा आपोआप जातो. तो खोटं बोलत नाही, पण त्याची माहिती एप्रिल २०१३च्या आधीची आहे. ती आपोआपची पद्धत तेव्हाच बंद झाली. आता आधी नोटीस येते, म्हणणं मांडायची संधी मिळते आणि मग अधिकारी ठरवतो. रद्द करायचाच, असं त्याच्यावर बंधन नसतं. पुढची सगळी उत्तरं याच एका मोकळ्या जागेबद्दल आहेत.

"नाव नोंदलेलं राहिलं पाहिजे" म्हणजे नेमकं काय?

व्हिसाच्या पत्रात चार आकडी अटी असतात. त्यातली ८२०२ ही आपल्या विषयाची. तिच्यात तीन गोष्टी येतात. नोंदणीकृत कोर्सला नाव असलं पाहिजे. तो कोर्स व्हिसा ज्या पातळीसाठी मिळाला त्या पातळीचा किंवा त्याहून वरचा असला पाहिजे. आणि प्रगती व हजेरी समाधानकारक असली पाहिजे.

तिसरी गोष्ट ठरवतं कॉलेज. पहिल्या दोन मात्र खात्याला स्क्रीनवरच दिसतात. म्हणून "मी रोज वर्गात जात होतो, फक्त फी भरायची राहिली" हे उत्तर पुरत नाही. फीपोटी सीओई रद्द झालं की नाव नाही, आणि नाव नाही तर भंग झालाच.

मास्टर्स झेपत नाही. त्याच शहरात कुकरीचा कोर्स स्वस्तात मिळतोय. बदलला तर चालेल?

त्याच व्हिसावर नाही चालत. ऑस्ट्रेलियात शिक्षणाच्या दहा पातळ्या आखलेल्या आहेत. सर्टिफिकेट थ्री तिसऱ्या पातळीवर, डिप्लोमा पाचव्या, बॅचलर्स सातव्या, मास्टर्स नवव्या आणि पीएचडी दहाव्या. मास्टर्ससाठी व्हिसा मिळालेल्याने सर्टिफिकेट थ्रीला नाव घातलं तर तो सहा पायऱ्या उतरला. नवं सीओई हातात आहे, फी भरली आहे, वर्ग चालू आहे, तरी ८२०२चा भंग झाला. फक्त पीएचडीवरून मास्टर्सला येण्याची सूट आहे.

हा सौदा सुचवणारे लोक तिथेही भेटतात आणि इथेही. ते म्हणतात, "सीओई आहे ना, मग काळजी कसली?" खालच्या पातळीवर जायचंच असेल तर आधी नव्या कोर्ससाठी नवा स्टुडंट व्हिसा घ्यायचा आणि मगच जुना कोर्स सोडायचा. जुलै २०२५पासून त्या अर्जाची फी २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. शिवाय मार्च २०२४पासून "खरोखर शिकायला आलात का" हे अर्जात पटवून द्यावं लागतं. मास्टर्स सोडून स्वयंपाकघरात का जाताय, याचं प्रामाणिक उत्तर तयार नसेल तर ते पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

पातळी तीच, फक्त कॉलेज बदलायचंय.

मुख्य कोर्सचे पहिले सहा महिने पूर्ण व्हायच्या आत बदलायचं असेल तर जुन्या कॉलेजने सोडल्याची नोंद प्रिझम्समध्ये लागते. त्याशिवाय दुसरं कॉलेज घेऊ शकत नाही. यात मेख "मुख्य कोर्स" या शब्दांत आहे. मुलगी आधी दहा आठवडे इंग्रजी, मग डिप्लोमा, मग बॅचलर्स अशा पॅकेजवर गेली असेल, तर सहा महिने विमानतळावर उतरल्यापासून मोजायचे नाहीत. ते बॅचलर्स सुरू झाल्यापासून मोजायचे.

पूर्वी जुनं नाव तसंच ठेवून शेजारी दुसऱ्या स्वस्त कॉलेजचं सीओई काढायची पळवाट होती. ऑगस्ट २०२३मध्ये सरकारने ती बुजवली. कॉलेजने सोडायला नकार दिला तर कारण लेखी मागा. त्यावर अपील करता येतं. आणि नवं सीओई हातात येईपर्यंत जुन्याचा राजीनामा देऊ नका. सगळ्यात जास्त नुकसान रागाच्या भरात पाठवलेल्या एका ओळीच्या ईमेलने होतं.

कॉलेजचं पत्र आलंय: प्रगती समाधानकारक नाही, आम्ही तुम्हाला रिपोर्ट करणार आहोत. आता?

हे पत्र हातात असताना फोन केलात तर बरंच काही करता येतं. म्हणून या उत्तरावर थोडं थांबतो.

परदेशी विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेला २०१८ची राष्ट्रीय आचारसंहिता बांधते. तिच्यानुसार मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याला ओळखायचं, त्याला मदतीची संधी द्यायची, आणि तरी सुधारणा नाही झाली तरच रिपोर्ट करायचं, असा क्रम आहे. रिपोर्ट करण्याआधी लेखी कळवावं लागतं आणि संस्थेच्या अंतर्गत अपिलासाठी २० कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. अपील चालू असताना संस्थेने रिपोर्ट करायचं नसतं. म्हणजे साधारण चार आठवडे तुमच्या हातात आहेत आणि व्हिसाचा विषय अजून सुरूच झालेला नाही.

मुलं या चार आठवड्यांत काय करतात? पत्र उघडतच नाहीत. दोन विषय राहिलेत हे घरी सांगायचं नसतं, म्हणून ईमेलच बघायचं सोडतात. मुदत गेली की कॉलेज नियमाप्रमाणे रिपोर्ट करतं. मग व्हिसाची नोटीस येते, आणि त्या वेळी "कॉलेजने अन्याय केला" असं म्हणायला गेलं की समोरून पहिला प्रश्न येतो: अपील का नाही केलं?

अपिलात दोन रस्ते असतात. कॉलेजने स्वतःची पद्धत पाळली नसेल, मदतीची बैठक बोलावलीच नसेल, मार्क चुकीचे धरले असतील, तर ते दाखवा. नाहीतर मागे पडण्यामागे तुमच्या हाताबाहेरचं कारण होतं हे पुराव्यानिशी मांडा. अंतर्गत अपील फेटाळलं तर बाहेर जाता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. विद्यापीठांच्या तक्रारींसाठी १ फेब्रुवारी २०२५पासून राष्ट्रीय विद्यार्थी लोकपाल आहे. खासगी कोर्स कॉलेजांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचा लोकपाल आधीपासून आहे.

इंग्रजीच्या कोर्सला हजेरीचा किमान आकडा ८० टक्के आहे. तिथे प्रगतीची चर्चा नंतर होते. आधी रजिस्टर उघडलं जातं.

ठाण्यात बाबांची बायपास आहे. मुलीला एक सेमिस्टर सोडून यायचंय. व्हिसा जाईल का?

नीट विचारून आली तर सहसा नाही. अशा वेळी संस्था सेमिस्टर पुढे ढकलू शकते किंवा कोर्स तात्पुरता थांबवू शकते. त्यासाठी विद्यार्थ्याच्या हाताबाहेरचं गंभीर कारण हवं. स्वतःचं आजारपण, घरात जवळच्याचा मृत्यू किंवा गंभीर आजार, मोठी आपत्ती, मानसिक धक्का अशी कारणं यात बसतात. बहिणीचं लग्न बसत नाही, कितीही जवळचं असलं तरी.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी अर्ज, मग मंजुरीचं पत्र, मग तिकीट. शक्य असेल तर सेन्सस डेटच्या आत. त्या तारखेनंतर विषय सोडले तर बहुतेक विद्यापीठांत फीही जाते आणि निकालपत्रावर शेराही येतो. हॉस्पिटलकडून ॲडमिशनची तारीख, निदान आणि ऑपरेशनची तारीख असलेलं पत्र लेटरहेडवर घ्या. बहुतेक हॉस्पिटलं ते इंग्रजीतच देतात. मराठीत असलेला कागद, उदाहरणार्थ तलाठ्याचा दाखला, पाठवायचा तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भारतात केलेल्या भाषांतराला ऑस्ट्रेलियन मान्यता असलेलाच भाषांतरकार लागत नाही. मात्र त्याचं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि दोन्ही भाषांमधली पात्रता व अनुभव त्यावर इंग्रजीत लिहिलेला हवा. ठाणे कोर्टाबाहेर नोटरीचा शिक्का मारून आणला म्हणजे भाषांतर झालं असं नाही.

मंजुरीच्या पत्रात परत कधी हजर व्हायचं ती तारीख असते. ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा. त्या तारखेला हजर न होणं हा नवा भंग.

व्हिसाची नोटीस येते कशी? पोस्टाने?

बहुतेक वेळा ईमेलने. तीत लिहिलेलं असतं की तुमचा व्हिसा रद्द करण्याचा विचार आहे, कारण असं असं, तुमचं म्हणणं मांडा. मायग्रेशन कायद्याचं कलम ११६ तिथे दिसेल. उत्तराची मुदत नोटिशीतच असते आणि ऑस्ट्रेलियात असलेल्यांना ती बहुधा पाच कामकाजाच्या दिवसांची असते. ईमेल ज्या दिवशी पाठवलं त्याच दिवशी मिळालं असं धरतात. तुम्ही ते कधी उघडलं याला किंमत नाही.

आता प्रश्न असा की ते जातं कुठे? व्हिसाच्या अर्जात जो पत्ता दिला तिथे. आणि आपल्याकडे बऱ्याच अर्जांत तो पत्ता एजंटच्या ऑफिसचा असतो. गोखले रोडवरच्या एखाद्या ऑफिसात, तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलीने उघडलेल्या इनबॉक्समध्ये तुमच्या मुलाची नोटीस पडून राहू शकते. कायद्याने ती त्याला मिळाली.

म्हणून मुलाला आजच सांगा: इमीअकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसाच्या सरकारी ऑनलाइन खात्यात, लॉगिन करून ईमेल, मोबाइल आणि राहण्याचा पत्ता स्वतःचा आहे का बघ. एजंटला कागदपत्रं स्वीकारायचा अधिकार दिला असेल तर तो फॉर्म भरून काढून घेता येतो. राहण्याचा पत्ता बदलला की सात दिवसांत कॉलेजलाही कळवायचं असतं, ती वेगळी अट आहे. व्हिसा चालू आहे का, हे व्हेवो नावाच्या सरकारी सेवेवर फुकट बघता येतं.

मुदत कमी पडते आहे असं दिसलं तर ती संपायच्या आत लेखी वाढ मागा. आणि घड्याळ लक्षात ठेवा. तिकडच्या उन्हाळ्यात ठाण्यात सकाळचे साडेअकरा वाजतात तेव्हा मेलबर्नला संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. "आज रात्री बसून पाठवू" म्हणाल तर तारीख उलटलेली असेल.

नोटिशीला उत्तरात काय लिहायचं?

अधिकारी दोन प्रश्नांची उत्तरं शोधत असतो. भंग झाला का? आणि झाला असेल तर व्हिसा रद्द करावा का? आपल्याकडची उत्तरं बहुतेक दुसऱ्याच प्रश्नाला लागतात, तीही विनवणीच्या सुरात: घर गहाण आहे, आईला मधुमेह आहे, कृपया एक संधी द्या. हे लिहू नये असं नाही. त्रास किती होईल हा खरोखर विचारात घेतला जाणारा मुद्दा आहे. पण तो एकटा उभा राहत नाही.

आधी तारखा मांडा. अमुक दिवशी सीओई रद्द झालं, अमुक दिवशी मला कळलं, अमुक दिवशी मी कॉलेजला लिहिलं. नोटिशीतली तारीखच चुकीची असेल, मधल्या काळात दुसरं सीओई असेल, तर तो मुद्दा सगळ्यात वर आणि पुरावा जोडून. भंग झालाच असेल तर तो मान्य करा. स्क्रीनवर दिसणारी गोष्ट नाकारल्याने बाकीच्या पत्रावरचा विश्वास उडतो.

मग कारण. का थांबलं, ते तुमच्या हाताबाहेरचं होतं का, आणि त्या काळात तुम्ही काय करत होता? इथे मुलं अडतात. आठ महिने नाव नव्हतं आणि त्या आठ महिन्यांत गोदामात शिफ्ट चालू होत्या, हे पगाराच्या नोंदीत असतं. लपवून उपयोग नाही. उलट डिप्रेशनसाठी डॉक्टरकडे गेल्याच्या नोंदी, कॉलेजच्या समुपदेशकाची पत्रं, फीसाठी मुदत मागितल्याची ईमेलं हे सगळं त्या काळाचं खरं चित्र उभं करतं. याआधीच्या सेमिस्टरचे चांगले निकाल जोडा. व्हिसाच्या बाकीच्या अटी पाळल्यात हे दाखवा.

आणि शेवटी पुढे काय. "मी शिकेन" या वाक्याला वजन नाही. योग्य पातळीच्या कोर्सचं नवं सीओई किंवा निदान ऑफर लेटर, फी कुठून येणार त्याचा कागद आणि किती विषय राहिलेत त्याचा तक्ता, याला वजन आहे. नोटीस आल्यानंतर मिळवलेलं सीओई जुना भंग पुसत नाही, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदलू शकतं.

आमचे फॅमिली डॉक्टर मागच्या तारखेचं सर्टिफिकेट देतील. चालेल ना?

नाही. खोटा कागद सापडला तर तो स्वतंत्र गुन्हा होतो आणि त्यावर पुढच्या व्हिसांना तीन वर्षांची बंदी येऊ शकते. ८२०२चं प्रकरण कदाचित सुटलं असतं. हे सुटत नाही. खातं डॉक्टरांना फोन करून विचारू शकतं, आणि डॉक्टरांच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशी तुमचा मुलगा नसतो, कारण तो मेलबर्नला होता.

एजंट म्हणतो, "मी बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

घ्या. ॲडमिशन करून देणारा एजंट हा कॉलेजकडून कमिशन घेणारा माणूस असतो. त्यात गैर काही नाही, त्याचं कामच ते आहे. पण नोटिशीला उत्तर देणं हे कायद्याचं काम आहे. ऑस्ट्रेलियात ते पैसे घेऊन करायला नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा तिथला वकील लागतो. मायग्रेशन एजंटला नोंदणी क्रमांक असतो आणि तो सरकारी यादीत तपासता येतो. क्रमांक सांगायला टाळाटाळ करणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. बऱ्याच विद्यापीठांच्या विद्यार्थी संघटनांकडे आणि सामुदायिक कायदा केंद्रांकडे मोफत सल्लाही मिळतो. मुलांना तो माहीत नसतो, कारण ओरिएंटेशनच्या दिवशी सगळे सिमकार्डच्या रांगेत असतात.

व्हिसा रद्द झालाच तर?

त्या क्षणापासून मूल तिथे व्हिसाशिवाय आहे आणि कायद्याने त्याला ताब्यात घेता येतं. लगेच ब्रिजिंग व्हिसा ई, म्हणजे मधल्या काळात कायदेशीर राहता यावं म्हणून मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसासाठी, अर्ज करायचा. निर्णयाविरुद्ध ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे, म्हणजे सरकारी निर्णय पुन्हा तपासणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जाता येतं. एएटी नावाच्या जुन्या ट्रिब्युनलच्या जागी १४ ऑक्टोबर २०२४ला हे आलं. त्याची मुदत निर्णयाच्या पत्रात असते आणि ती एकदा गेली की गेली. ट्रिब्युनल संपूर्ण प्रकरण नव्याने बघतं, नवे पुरावेही घेतं. पण निकालाला बराच काळ जातो आणि त्या काळात काम करता येईल का, शिकता येईल का, हे ब्रिजिंग व्हिसावरच्या अटींवर ठरतं.

रद्द झाल्यावर ऑस्ट्रेलियात राहून दुसऱ्या बहुतेक व्हिसांचा अर्जच करता येत नाही. आणि ८२०२च्या भंगावरून रद्द झाला असेल तर बहुतेक तात्पुरत्या व्हिसांसाठी तीन वर्षं अडसर राहतो, सबळ अपवाद सोडून. यात एक गोष्ट घरच्यांना पटत नाही, तरी सांगतो. केस खरोखर कमजोर असेल, तर नोटीस यायच्या आधीच स्वतःहून कोर्स बंद करून, व्हिसा चालू असताना घरी परतणं हा कधी कधी सगळ्यात शहाणा निर्णय असतो. रेकॉर्डवर "रद्द" हा शब्द सहसा येत नाही. पुढे दुसऱ्या देशाच्या फॉर्ममध्ये "तुमचा व्हिसा कधी रद्द झाला आहे का" या चौकटीत खरं "नाही" लिहिता येतं. लोक काय म्हणतील याची किंमत त्या चौकटीपेक्षा कमी आहे. अर्थात हा निर्णय वकिलाशी बोलून.

व्हिसा संपल्यावर २८ दिवसांहून जास्त तसंच राहून मग परतलं, तर तीही तीन वर्षांची वेगळी अडचण होऊ शकते.

मुलगा सध्या नेरूळला घरीच आहे. इथे असताना व्हिसा रद्द होतो का?

होतो, आणि देशाबाहेर असलेल्याचा व्हिसा आधी नोटीस न देताही रद्द करता येतो. मग नंतर म्हणणं मांडायची संधी देतात. म्हणून तिकीट काढण्याआधी व्हेवो बघा. सीओई रद्द झालेलं असताना "जाऊन बघू" म्हणून विमानात बसलात तर विमानतळावर चौकशी होऊ शकते.

सूनबाई त्याच्या व्हिसावर तिकडे नोकरी करतात. त्यांचं काय?

त्याचा मुख्य व्हिसा रद्द झाला की त्यावर आधारलेला त्यांचाही जातो. त्यांनी काही चूक केलेली नसली तरी. नोटिशीच्या उत्तरात हा परिणाम स्वतंत्रपणे मांडायला हवा.

कॉलेजच बंद पडलं. यात आमचा काय दोष?

दोष नाही, आणि कायदाही तसंच मानतो. संस्थेने १४ दिवसांत दुसरा कोर्स किंवा न शिकवलेल्या भागाची फी परत द्यायची असते. तिने ते केलं नाही तर ट्यूशन प्रोटेक्शन सर्व्हिस ही सरकारी सेवा पुढे येते आणि पर्यायी कोर्स शोधायला मदत करते. पण नवं सीओई मिळवायची धावपळ विद्यार्थ्यालाच करावी लागते. "कॉलेज बंद झालं म्हणून मी घरी बसलो" याला फार काळ मुभा मिळत नाही.

शैक्षणिक कर्जाचं काय? बँकेला सांगायचं?

सांगायचं. कर्जाचे हप्ते साधारणपणे कोर्सचा काळ अधिक एक वर्ष संपल्यावर सुरू होतात. कोर्सच थांबला की ती सवलत कशावर उभी? बँकेच्या कराराच्या अटी काढून वाचा. पुढचा हप्ता विद्यापीठाकडे जायच्या बेतात असेल तर तो थांबवणं हे सगळ्यात तातडीचं. आधीच भरलेली फी किती परत मिळेल ते कॉलेजबरोबरच्या लेखी करारात असतं. परतावा विद्यार्थ्याच्या तिथल्या खात्यात आला तर त्यातून भाड्याची थकबाकी फिटते आणि ठाण्यातल्या बापाच्या कर्जाचं व्याज चालूच राहतं. हे घरात आधीच बोलून ठेवा.

आम्ही इथून कॉलेजला फोन केला. ते आमच्याशी बोलतच नाहीत!

१८ वर्षांवरचा विद्यार्थी त्यांच्या लेखी स्वतंत्र माणूस आहे आणि त्याच्या परवानगीशिवाय ते पालकांना काहीही सांगू शकत नाहीत. फी तुम्ही भरली असली तरीही. मुलाने संमतीचा फॉर्म भरून दिला तर बोलतात. तो फॉर्म जायच्या आधीच भरून घ्या. वाशी स्टेशनवर पाच मिनिटं उशीर झाला तरी फोन करणाऱ्या आयांना हे जड जातं, समजतं.

नोकरीचे तास जास्त झाले म्हणून व्हिसा जातो का?

तो वेगळा भंग, अट ८१०५. कोर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तास, १ जुलै २०२३पासून. सुट्टीत मर्यादा नाही. संशोधनाचं मास्टर्स किंवा पीएचडी सुरू केलेल्यांनाही नाही. पण मुळात बहुतेकांचं वर्गातलं नाव कमी होतं ते याच तासांमुळे, हेही खरं.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा इथे असंच असतं का?

तत्त्व तेच, यंत्र वेगळं. अमेरिकेत एफ-१ या स्टुडंट व्हिसावर पूर्ण कोर्स घ्यावा लागतो. बॅचलर्सला ते सहसा सेमिस्टरला १२ क्रेडिट असतं. कमी करायचे असतील तर डीएसओची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याची, परवानगी आधी घ्यायची, विषय सोडून झाल्यावर नाही. आजारपणासाठी एका पातळीवर एकूण १२ महिन्यांपर्यंत सूट मिळू शकते. परवानगी घेऊन कोर्स सोडला तर निघायला १५ दिवस. परवानगीशिवाय सोडला तर एकही नाही. स्टेटस गेलं तर पाच महिन्यांच्या आत पुन्हा बहाल करण्याचा अर्ज करायचा.

ब्रिटनमध्ये विद्यापीठ प्रायोजकत्व काढून घेतं आणि मग व्हिसाची मुदत कापली जाते, साधारण ६० दिवसांवर. कॅनडात ८ नोव्हेंबर २०२४पासून कॉलेज बदलायचं तर नवं स्टडी परमिट काढावं लागतं, आणि मान्य कारणासाठीही १५० दिवसांहून लांब रजा चालत नाही.

मुलगा फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणतो, पण काहीतरी लपवतोय असं वाटतं.

मग मार्क विचारू नका. "तुझं चालू सीओई आणि व्हेवोची प्रिंट पाठव" एवढंच म्हणा. दोन्ही पाच मिनिटांत निघतात. दोन-तीनदा टाळलं तर उत्तर मिळालं असं समजा. त्यानंतरचं पहिलं वाक्य पैशांबद्दल नसावं. जिथे जिथे मुलं वेळेत बोलली तिथे घरून आधी कुणीतरी सांगितलेलं होतं की परत आलास तरी दार उघडं आहे. तिकडे रात्री-अपरात्री बोलायला लाइफलाइनचा १३ ११ १४ हा क्रमांक आहे. इथे स्वतः तुम्हालाच झोप लागत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६वर मराठीतही बोलते.

परत यायचं ठरलं. शिकलेलं सगळं वाया गेलं का?

सगळं नाही, निघायच्या आधी दोन कामं केली तर. अनेक विद्यापीठांत मास्टर्सचे ठरावीक विषय पास झाले असतील तर त्यावर ग्रॅज्युएट सर्टिफिकेट किंवा ग्रॅज्युएट डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. हे मागावं लागतं, ते आपणहून देत नाहीत. आणि अधिकृत ट्रान्सस्क्रिप्ट शिक्क्यानिशी घ्या. फीची बाकी असेल तर विद्यापीठ ते अडवून ठेवतं, म्हणून आधी बाकी मिटवा, मग कोर्स सोडल्याचा फॉर्म भरा. वाशीला परतल्यावर रात्री ईमेल करून हे मागण्यापेक्षा विद्यार्थी कक्षाच्या खिडकीवर उभं राहून घेणं कितीतरी सोपं.